अकरा वाजताची पोच

बाळासो चौगुलेंना मी खोटं ठरवलं, तेही कागदावर, सही-शिक्क्यासकट. तोंडावर बोलले असते तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. कागदावरचं कुणालाच सोडून देता येत नाही, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी सरोजिनी. कोल्हापुरात एका सरकारी औषध भांडाराची प्रमुख. माझ्या भांडारातून तीन ग्रामीण दवाखान्यांना औषधं जातात. मलकापूरच्या पुढं डोंगरात आंबेखिंड, बिद्रीच्या अंगाला कुरणवाडी आणि जयसिंगपूरच्या पलीकडं शिंगणमाळ. तीन गावं तीन दिशांना, एकातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये कोल्हापूर येतंच. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात चमचे उलटसुलट पडले तरी माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, तुझ्या माहेरी शेतात मिरचीशिवाय दुसरं काही पेरतच नसतील. माझं माहेर आंबेखिंड.

तिथं आबा एकटे राहतात. आकाराम त्यांचं नाव, वय अडुसष्ट. एक म्हैस, वीस गुंठे ऊस आणि बांधावरचं गवत कापायला अनवाणी जायची खोड. मी दोनदा गमबूट नेऊन दिले. एका जोडात त्यांनी खिळे-मोळे भरून ठेवले, दुसरा शेजाऱ्याला देऊन टाकला. “पायाला माती कळाय पायजे,” म्हणाले. त्या भागात घोणस भरपूर. आबांच्या घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर, आणि त्या दवाखान्याच्या कपाटात सापाच्या लसीच्या दहा बाटल्या आहेत एवढं कळलं की मी इकडं निर्धास्त असायचे. साप चावलेल्या एका माणसाला पहिल्यांदाच दहा बाटल्या द्याव्या लागतात. नऊ असल्या तर नसल्यासारख्याच धरा, असं मी माझ्या माणसांना बजावून ठेवलं होतं.

पूर्वी हे तिन्ही दवाखाने आपापली खरेदी करायचे, आणि तिघांचाही पुरवठादार एकच, जयसिंगपूरचे बाळासो चौगुले. साठीच्या पुढचा माणूस, पांढरी टोपी, जुनी निळी व्हॅन. त्यांची पद्धत मला पहिल्या दिवसापासून खटकली. दर मंगळवारी दवाखान्यात यायचं, स्वतः कपाट उघडून बघायचं, कमी असेल ते भरायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. मागणीपत्र मागाहून. “पेशंट काय कागदासाठी थांबतोय व्हय?” असं वर आम्हालाच विचारायचे. सरकारी कपाटाला पुरवठादाराचा हात लागलेला मला सहन होत नाही.

म्हणून मी एकत्रित खरेदी आणली. तिघांची गरज एका मागणीत, एकच करार, एकच मोठी कंपनी. त्यात चूक काही नव्हती, आजही मी तेच म्हणेन. एकट्या आंबेखिंडीला कोण विचारतो? तिघांनी मिळून तोंड उघडलं की कंपनीचा माणूस खुर्ची ओढून समोर बसतो. माल ताजा मिळतो, मुदत लांबची मिळते. फक्त जुना व्यवहार बंद करण्याआधी जुने कागद तपासावे लागतात. ते तपासायला मी बसले आणि तिथं मला ते सापडलं.

माल उतरला की दवाखाना चलनावर पोच देतो. मिळाल्याची सही, आणून देणाऱ्याची सही. मी आल्यापासून त्यावर वेळ लिहायला लावली होती, आणि गेटवरच्या वहीतही वेगळी नोंद. जूनमधल्या एका मंगळवारची आंबेखिंडीची पोच अकरा वाजताची होती, सही बाळासोंची. कुरणवाडीची पोच त्याच दिवसाची, अकरा वाजताची, सही बाळासोंची. शिंगणमाळचीही तशीच. मी त्याच्या आधीचा मंगळवार काढला, त्याच्याही आधीचा काढला. दीड वर्षाचे मंगळवार टेबलावर पसरले, आणि प्रत्येक मंगळवारी हा माणूस अकरा वाजता तीन गावांत सही करत होता. गेटवरच्या वह्याही तेच सांगत होत्या. आंबेखिंडीहून शिंगणमाळला गाडीनं दोन तासांच्या वर लागतात.

मी तिन्हीकडं फोन लावले. शिंगणमाळचे फार्मासिस्ट हंबीरराव म्हणाले, “अकराला येत्यात की. माझ्यासमोर च्या पित्यात. आमच्यातला च्या गोडमिट्ट, तरी कप संपवत्यात.” कुरणवाडीच्या सिस्टर तानाबाई म्हणाल्या, “घड्याळ चुकंल, बाळासो चुकायचं न्हाईत.” आंबेखिंडीची फार्मासिस्ट क्रांती सरळ मुलगी, तिला मी दरडावून विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, मी खोटं कशाला बोलू? येत्यात, बसत्यात. बोलणं लई कमी. कपाटाकडं बघत बसत्यात.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “हात लई गार असत्यात त्यांचं.”

तिघंही मिळालेले आहेत, असं मी ठरवलं. दुसरं काय ठरवणार होते?

बाळासोंना बोलावून घेतलं. ते दाराबाहेर चपला काढून आत आले. मी कागद पुढं सरकवले आणि विचारलं, “तीन गावं, एकच वेळ. यातली कुठली सही खरी?”

त्यांनी चष्मा लावून सगळे कागद सावकाश वाचले. “तिन्ही माझ्याच हायत.”

“ते कसं शक्य आहे?”

“मी गेलतो की, ताई.”

“तिन्हीकडं? एकाच वेळी?”

“लागत हुतं की तिन्हीकडं.”

त्यांनी जरा नजर चोरली असती, थोडी शरम दाखवली असती, तर मी इतकी भडकले नसते. ते शांत होते, फक्त फार दमलेले दिसत होते. मी आवाज चढवला, नाही नाही ते बोलले. बाहेरच्या लिपिकांनी माना वर केल्या इतकं बोलले. मग त्यांच्यासमोरच फाइलवर शेरा लिहिला: पुरवठादाराच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, यापुढे व्यवहार करू नये. शिक्का मारला. ते उठले, नमस्कार केला आणि दारात चपला घालू लागले, तेव्हा माझी नजर तिकडं गेली. एका चपलेला आंबेखिंडीकडची तांबडी माती होती, दुसरीला शिंगणमाळची काळी. दोन्हींची माती ओली होती. मी मान फिरवली आणि पुढची फाइल घेतली.

आठवड्यानं ते पुन्हा आले. टेबलावर सुतळीनं बांधलेला पुठ्ठ्याचा एक डबा ठेवला. आत लसीच्या दहा बाटल्या.

“ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ,” म्हणाले. “लागला की ज्येचा त्येला पोचवा.”

“मागणी नाही, करार नाही. मला हा घेता येणार नाही.”

“मग घिऊ नगा. लिवू पण नगा. नुसता ठिवा.”

आणि मी काही बोलायच्या आत निघून गेले. डबा परत पाठवायचं मी दोनदा ठरवलं, पण जयसिंगपूरला जाणारं कुणी मिळालं नाही. साठ्यात घेणं नियमात बसत नव्हतं, फेकून देणं जिवावर आलं. टेबलाच्या खालच्या खणात ढकलून दिला. महिन्याभरात कळलं की बाळासो गेले. आजार नव्हता, झोपेतच गेले म्हणे. मी तोंडदेखलं हळहळले आणि कामाला लागले. खरं तेच सांगते.

शिक्क्याचं पॅड त्याच खालच्या खणात असायचं. ते काढायला खण उघडला की तळाशी तांबड्या मातीची भुकटी दिसायची. भांडार तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद, रोज फरशी पुसली जाते. मी फडक्यानं माती झटकायचे. मंगळवारी ती जास्त असायची. शेवटी मी पॅड वरच्या खणात हलवलं आणि खालचा खण उघडणंच बंद केलं.

एकत्रित खरेदीचा पहिला माल वेळेवर आला आणि मी बैठकीत मिरवून घेतलं. दुसऱ्या खेपेला घोडं अडलं. पुढच्या वर्षीचा जून उजाडला, कंपनीनं दिलेली तारीख गेली. पुढची तारीख दिली, तीही गेली. पूर्वी एखादं कपाट रिकामं झालं तर बाळासो मंगळवारी येऊन भरायचे. आता तिघांचा जीव एकाच करारात अडकलेला, त्यामुळं तिन्ही कपाटं एकदमच तळाला गेली. मी रोज फोन करायचे. तिकडचा माणूस फार गोड बोलायचा, “मॅडम, माल निघाला आहे.” त्या माणसानं आंबेखिंडीचं कपाट जन्मात पाहिलेलं नव्हतं. आंबेखिंडीच्या शेवटच्या दहा बाटल्या एका शेतमजूर बाईला लागल्या, ती वाचली, आणि माझ्या संगणकावर आंबेखिंडीपुढं शून्य आलं. त्याच मिनिटाला मी आबांना फोन केला.

“माल येईपर्यंत गवताला जाऊ नका.”

“मग म्हशीला काय तुझा आकडा चारू?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घराघरांत दर तासाला विचारली जाऊ लागली. मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी भांडारात पाऊल टाकते तोवर क्रांतीचा फोन आला.

“मॅडम, आबा. घोणस हाय. लोकांनी मारून पिशवीतनं आणलीय, मी बघितली. पाय भराभर सुजाय लागलाय. हिरड्यांतनं रगत येतंय.”

मी दारातूनच टेबलाकडं धावले.

“कपाटात काय न्हाई, मॅडम,” ती रडवेली झाली होती. “आंबा घाटात दरड आलीय, इकडं केर्लीला पाणी चढतंय. रुग्णवाहिका कुठंच जाईत न्हाई. काय करू?”

कपाटात काही नाही हे मला तिनं सांगायला नको होतं. ते शून्य माझ्याच संगणकावर रोज चमकत होतं. मी खालचा खण उघडला. डबा मातीनं माखला होता. मुदत बघितली, अजून चार महिने होते. तो कुठल्याही वहीत नव्हता, म्हणून कुणाला विचारायचंही नव्हतं. डबा छातीशी धरून मी जिना उतरले आणि गाडी काढली.

केर्लीला पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. पुढं रस्ताच नव्हता. दोन्ही बाजूंच्या उसाचे फक्त शेंडे दिसत होते आणि मधून गढूळ पाणी वाहत होतं. लाकडी अडथळ्याजवळ रेनकोट घातलेला पोलीस उभा होता. मी खिडकीतून डबा दाखवला, ओरडले, हात जोडले, पुन्हा ओरडले.

“ताई, ट्रक वाहून जाईल, तुमची गाडी काय घिऊन बसलाय,” तो म्हणाला. “बोट चिखलीला गेलीया. दुपार हुईल.” त्यानं वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली, आणि मला कडेला थांबायला लावलं.

मी काच वर केली. डबा मांडीवर घेतला. समोर पाणी, पलीकडं चाळीसेक किलोमीटरवर माझे आबा. आजवर कुणापुढं मी हात टेकले नव्हते. माझं सगळं आयुष्य हे बरोबर आणि ते चूक असं लिहिण्यात गेलं, आणि आता बरोबर लिहिलेलं काहीच कामाला येत नव्हतं. मी मोठ्यानं बोलले. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

“बाळासो, माझं चुकलं. पण आता तिकडं लागतंय हो.”

काही झालं नाही. पाऊस टपावर वाजत होता. मग हळूहळू तो आवाज लांब गेला. बोटांची टोकं गार पडली, मग मनगटं. नाकाला फिनाइलचा वास आला, आणि ओल्या घोंगड्याचा, आबांच्या घोंगड्याचा. माझे डोळे पाण्यावर होते, पण पायांखाली गाडीची रबरी चटई नव्हती. गार फरशी होती. हातात कुणाचं तरी पाऊल होतं, सुजलेलं, गरम, टाचेला भेगा. ती भेगाळलेली टाच मी लहानपणापासून ओळखते. मी इतकी घाबरले की डोळे मिटता येईनात.

एकदम पाऊस पुन्हा वाजू लागला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी क्रांतीला फोन लावला.

“क्रांती, मी केर्लीला अडकलेय गं, रस्ता...”

“मॅडम?” ती धापा टाकत होती. “आत बसून फोन कशाला करताय? हाक मारा की. पैली बाटली तयार झाली, लावतेच आता.” फोन बंद झाला.

डब्याची सुतळी होती तशीच बांधलेली होती. गाठ सोडताना माझं नख मोडलं. झाकण उघडलं. आत नऊ बाटल्या होत्या. दहावीच्या जागी पुठ्ठ्याचा मोकळा कप्पा.

मी बघत बसले. एकही बाटली जाताना दिसली नाही. आधी असायची आणि मग नसायची. आठ. सात. बाहेर तो पोलीस टपरीच्या आडोशाला बिस्किटं खात होता. सहा. मी पुटपुटत होते, ही घ्या, हीपण घ्या. तीन उरल्यावर मला रडू फुटलं. दुपारी बारा वाजता डब्यात एकही बाटली नव्हती, आणि तो डबा धरून मी गाडीत बसले होते.

एकला क्रांतीचा फोन आला. “मॅडम, न सांगता कुठं गेलात? आबा बोलाय लागलेत. रगत थांबतंय.”

संध्याकाळी घरी आले तेव्हा दारात नवऱ्यानं विचारलं, “आंबेखिंडीला पोचलीस म्हणजे?” मी खाली बघितलं. दिवसभरात मी फक्त डांबरी रस्त्यावर उतरले होते. माझ्या एका सँडलला तांबडी माती लागली होती.

पाणी उतरायला दोन दिवस लागले. मी आंबेखिंडीला गेले. आबा कॉटवर बसून पेज पीत होते, पाय अजून सुजलेला. मला बघून म्हणाले, “आज बोलणार हाईस, का परवासारखी मुकी बसणार?”

“परवा मी काय केलं, आबा?”

“काय करणार? पायाशी बसलीस. डोळ्याला डोळा दिला न्हाईस. हात किती गार गं तुझा, मड्यासारखा. मला वाटलं, पोरगी आजारी हाय.”

मी गेटवर जाऊन वही मागितली. मंगळवारच्या पानावर अकरा वाजताची नोंद होती. लस, दहा बाटल्या. आणून देणार, सरोजिनी. खाली माझी सही, शेवटच्या अक्षराला मी देते तोच फटकारा. मी ती सही केलेली नव्हती, आणि ती माझीच होती. वही बंद करून मी गेटवाल्याला परत दिली.

पुढच्या रविवारी जयसिंगपूरला गेले. बाळासोंच्या पत्नी बाळाबाई सोप्यात भाजी निवडत होत्या. मी माझं नाव सांगितलं. शेरा लिहिणारी ती मीच, हेही सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, पायांकडं बघितलं.

“पाय धुवा आणि आत या,” म्हणाल्या. “दोन गावांची माती हाय.”

मी पाय धुतले. मग त्यांच्यासमोर बसून माफी मागितली. त्या भाजी निवडत राहिल्या.

“माझा धाकटा भाऊ कुरणवाडीला हुता,” त्या म्हणाल्या. “त्येला साप चावला तवा हे शिंगणमाळला औषधं उतरत हुते. तितनं हलले न्हाईत, आणि तिकडं भावाला लस पोचली. तवापास्नं सुरू झालं. एकदा सुरू झालं की सुटत न्हाई, बाई. मंगळवारी घरात बसलेले असायचे, पर घरात नसायचे. ताटात वाढलेलं गार व्हायचं.”

“माझ्या शेऱ्यामुळं ते...”

“न्हाई,” त्यांनी मान हलवली. “पर शेऱ्यानंतर मंगळवारी त्यास्नी कुठं जायचं उरलं न्हाई. नुसते अकराला उठून उभे ऱ्हायचे. माणूस किती दिवस उभा ऱ्हाणार?”

मला त्यांच्यासमोर रडायचा अधिकार नव्हता, तरी मी रडले. निघताना त्यांनी रिकाम्या डब्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, माझ्या खणात आहे. त्यांनी फक्त “व्हय” म्हटलं.

ऑगस्टमध्ये कंपनीचा माल आला. तिन्ही कपाटं भरली. मी एक गोष्ट बदलली. करार एकच ठेवला, पण दर महिन्याला स्वतः जाऊन तिन्ही कपाटं उघडून बघायचं ठरवलं. गाडीनं, माणसासारखं, एका दिवशी एक गाव. ते मी करतेही. पण मंगळवारी अकराच्या सुमाराला मी कुठंही असले तरी बोटांची टोकं गार पडतात. लेक म्हणते, “आई, तू ऐकत नाहीस, नुसती बघतेस.” परवा मंगळवारी एका बैठकीत मी पाण्याचा घोट घेतला आणि तोंडात गोडमिट्ट चहाची चव आली. मी ग्लास खाली ठेवला आणि खालचा खण आठवला. तिथं आता डबा रिकामा नसतो. दहा बाटल्या मी भरत नाही, त्या असतात. मी त्या लिहीत नाही.

साठ्यात नसलेल्या दहा बाटल्या आंबेखिंडीत पेशंटला कशा दिल्या, हे विचारायला वरच्या कार्यालयातून, त्याच बैठकीत भेटलेले अमरसिंह नावाचे अधिकारी आले. तरुण, नीटनेटके, टेबलावरचं माझं पेनही त्यांनी सरळ करून ठेवलं. मला ते आवडले. अशीच मी होते.

“हा केर्लीचा पोलिसांचा उतारा,” त्यांनी कागद पुढं सरकवला. “सकाळी सव्वादहा ते दुपारी दोन, तुमची गाडी अडथळ्याजवळ, चालक गाडीत. आणि ही आंबेखिंडीची गेटवही. अकरा वाजता तुमची सही.”

“हो,” मी म्हटलं.

“थांबा, अजून आहे. मागच्या मंगळवारी अकरा वाजता शिंगणमाळच्या गेटवर तुमची सही. त्याच वेळी कुरणवाडीच्या गेटवर तुमची सही. आणि त्याच वेळी तुम्ही माझ्यासमोर बैठकीत बसला होता. मी स्वतः तुम्हाला पाणी दिलं.”

हे मला माहीत नव्हतं. मी चष्मा लावला आणि सगळे कागद सावकाश वाचले. तिन्ही सह्या माझ्या होत्या. एका पानाच्या कडेला काळी माती वाळून बसली होती.

“मॅडम, तुमची नोकरी इतकी स्वच्छ,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग चढत होता, आणि खाली थोडी विनवणीही होती. “मला फक्त एवढंच सांगा. यातली कुठली सही खरी?”

एखादं बरं कारण मी शोधू शकले असते. क्रांतीनं चुकून लिहिलं, गेटवाल्यानं जुनी सही गिरवली. वीस वर्षांत असली कारणं मी शेकड्यानं ऐकली होती आणि त्यातली बरीच मान्यही केली होती. पण आबा आंबेखिंडीत म्हशीचं दूध काढत होते, आणि ज्या माणसानं मला हे दिलं, त्यानं माझ्यासमोर बसून एकही कारण सांगितलं नव्हतं.

मला फार दमल्यासारखं झालं. कचेरीत गावाकडचं बोलणं मी कधी तोंडातून निघू दिलं नव्हतं.

“मी गेलते की, साहेब,” मी म्हणाले. “लागत हुतं तिथं.”

मग त्यांची नजर टेबलाखाली माझ्या पायांकडं गेली, आणि त्यांनी मान फिरवली. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि दुसऱ्या हातानं शिक्क्याचं पॅड जवळ ओढलं.